खालचा डावा कोपरा

२ मार्च

वन्सं,

नमस्कार वगैरे तुम्ही धरून चाला, मला वेळ नाही.

इतक्या वर्षांनी मी पत्र का लिहितेय ते आधी सांगते. फोन केला तर तुमचे दादा ऐकतात. त्यांचे कान हल्ली मांजराचे झालेत. कागदावरचं मात्र त्यांना दिसत नाही, म्हणून कागद. आत्ता दुकानात माझ्या शेजारीच बसलेत. मघाशी विचारलं, "काय लिहितेस?" म्हटलं, "किराणा." "बरं," म्हणाले.

तर तुमच्या दादांना दिसत नाही. लिहून टाकलं एकदाचं. या घरात हे वाक्य अजून कोणाच्या तोंडून निघालेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय, दिवा मंद आहे, पितळेचा पत्रा फार चकाकतो, गिऱ्हाइकाचं अक्षर किरटं आहे, हे सगळं बोलून झालं. दिसत नाही, एवढंच कोणी बोललं नाही. भाजी वाढताना मी ताटात रोज त्याच जागी वाढते आणि तेही रोज त्याच जागी हात घालतात. दोघंही दिसतंय असंच वागतो.

दुकान कसं चालतं म्हणाल, तर कोपऱ्यावर चालतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात ते बटण आहे ना, ज्यातून सगळं उघडतं, त्याच्यावर. माऊस हातात धरायचा, खाली डावीकडे ढकलत न्यायचा. कोपरा आला की बाण पुढे जात नाही, भिंतीला टेकल्यासारखा अडतो. मग दाबायचं. मग खाली बाण, खाली बाण, एंटर, की कोरायचा प्रोग्राम उघडला. पुढचं बोटांना पाठ आहे. मशीन सुरू झालं की आवाजावरून कळतं टोक पत्र्यात किती घुसलंय. पाट्या होतात. माणसं म्हणतात, काय हात आहे!

आता भानगड अशी. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की एक खिडकी उघडते आणि टुंग वाजतं. नवीन सिस्टम तयार आहे, नवीन रूप आहे, आत्ता टाकू का नंतर. टुंग वाजलं की ते म्हणतात, "नंतर दाब गं." मी नंतर दाबते. पण आता हॉस्पिटलचा स्टोअरवाला येऊन सांगून गेला. डॉक्टरांच्या, वॉर्डांच्या, खोल्यांच्या साऱ्या पाट्या आपण करतो, निम्म्याच्या वर काम त्यांचंच आहे. त्यांची ऑर्डर पुढच्या महिन्यापासून त्यांच्या कुठल्याशा नव्या प्रोग्राममधून येणार आणि तो आपल्या जुन्या सिस्टमवर उघडत नाही. "वहिनी, महिनाअखेरपर्यंत करून घ्या. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल," म्हणाला.

मी कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात जाऊन ती नवी सिस्टम बघून आले. सगळं गुळगुळीत, कोपरे गोल केलेले, साबणाच्या वडीसारखं. आणि ते बटण कोपऱ्यात नाही. मधे. सभेत अध्यक्ष बसावा तसं खाली मधोमध. मधलं बटण बघून शोधावं लागतं. तिथे बाण अडत नाही.

म्हणजे टाकली नवी सिस्टम तर दुकान राहतं, तुमचे दादा खुर्चीवरून उठतात. नाही टाकली तर ते खुर्चीवर राहतात आणि दुकान बसतं. भाऊ तुमचा, कॉम्प्युटर तुम्ही आणून बसवलेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी तुमची. तुम्हीच सांगा. हो का नाही, एवढंच कळवा. माझ्या अक्षराला हसलात तरी चालेल.

तुमची वहिनी


९ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं तुम्हाला. उत्तर मला नाही दिलंत, रविवारी फोन त्यांना केलात. ते फोन स्पीकरवरच ठेवतात हे तुम्ही विसरलात, नाहीतर मी भिंत आहे असं धरून चाललात. मी तिथेच पत्रे पुसत बसले होते.

"दादा, ते अपडेट-बिपडेट अजिबात करू नकोस हं. सगळ्याच्या जागा बदलतात."

"मी कशाला करतोय! हीच मागे लागलीये."

"तिला काय कळतंय त्यातलं? मी तुला कोपरा शिकवला होता ना, तो तसाच राहू दे. ढकललं की अडतो. बघावं लागत नाही."

बघावं लागत नाही!

फडकं माझ्या हातातच राहिलं. मला वाटत होतं की तुम्हाला ठाऊक नाही. मी बाई इथे चार दिवस शब्द जुळवत बसले, की भावाचं असं आहे हे वन्संना कसं सांगू, धक्का बसेल. धक्का कसला! तुम्ही कॉम्प्युटर बसवायला आला होतात, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच कोपरा शिकवलात. माणूस आंधळा होत चाललाय हे बघून तुम्ही त्याला डॉक्टरकडे नाही नेलंत, आंधळ्यानं काम कसं उरकावं ते शिकवलंत आणि गाडी पकडून गेलात. बहीण असावी तर अशी.

आणि मग आईंची पाटी. ती तुमच्या त्या फेरीनंतरची. तुमच्या आईच्या स्मरणार्थ पितळी पाटी, सगळ्या नातेवाइकांसमोर कापड काढलं आणि खाली जाण्याचं साल कोणा तिसऱ्याच बाईचं. कॉम्प्युटरमधली जुनीच पाटी उघडून नाव बदललं, साल बदलायचं राहिलं. त्यांना दिसलंच नव्हतं. आणि ते काय म्हणाले, आठवतंय का? मला आठवतंय. "हिनं लावलं होतं. चौथी शिकलेली, आता काय करणार!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या मावशीनं डोळ्याला पदर लावला. आणि तुम्ही म्हणालात, "अक्षरओळख नसलेल्या बाईनं माझ्या आईच्या पाटीला हात लावायचाच कशाला?" तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. इतकी वर्षं मी समजत होते की वन्संना खरं माहीत नाही, म्हणून बोलल्या. तुम्हाला खरं माहीत होतं. कोपरा तुम्हीच शिकवला होता.

त्या दिवसापासून दुकानातली प्रत्येक चूक माझी आहे. वकिलाच्या पाटीत अक्षर गळालं, मी अडाणी. शाळेच्या पाटीत एकच ओळ दोनदा पडली, मी अडाणी. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसतं आणि पाटी फुकट परत करून घेतं. मी ऐकून घेतलं. का, तर त्यांचं झाकलेलं राहावं. आणि खरं सांगू, मला चौथीपर्यंतचं सगळं येतं. हळू वाचते, बोट ठेवून वाचते, पण चूक वाचत नाही.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "ऐकलंस? ती नको म्हणतेय."

"ऐकलं," म्हटलं.

मी अजून काही ठरवलेलं नाही. तुमचं 'नको' मिळालं, ते ठेवून घेतलंय.

वहिनी


१७ मार्च

वन्सं,

आज दुकानात गंमत झाली. तुम्हाला कळवायलाच हवी.

हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचे नवे डॉक्टर आलेत. स्वतःच्या दाराची पाटी स्वतः न्यायला आले. स्टोअरवाला बरोबर होता. मी म्हटलं, झालं! बोकड खाटकाच्या दारात. तर तुमचे दादा उठले, ऐटीत, हात पुढे केला आणि डॉक्टरांच्या खांद्याशी बोलायला लागले. "या या डॉक्टर, बघा, अक्षर कसं उठलंय बघा." डॉक्टर एक पाऊल बाजूला सरकले. हे आधीच्याच जागेशी बोलत राहिले. डॉक्टर पुन्हा सरकले. मग त्यांनी पाटी बघितलीच नाही, माझ्याकडे बघितलं. शांतपणे म्हणाले, "एकदा तपासायला घेऊन या. लवकर या."

वन्सं, तो क्षण असा होता की कोणीतरी बोलायची खोटी होती. मी बोलणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं.

हे म्हणाले, "कोणाला, हिला? अहो हिला दिसतं की चांगलं! वाचता येत नाही, एवढंच."

स्टोअरवाला खो खो हसला. बाहेर बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. हे सगळ्यात जास्त हसले. डॉक्टर नाही हसले. पाटी काखेत मारून गेले.

मी चहाचे कप उचलले, धुतले, पालथे घातले. मग चप्पल घालून कॉम्प्युटरवाल्याकडे गेले आणि म्हटलं, "उद्या दुपारी हे जेवायला घरी जातील, तेव्हा येऊन ती नवी सिस्टम टाकून जा."

तुम्ही विचारलं होतं दादांना, तिला काय कळतंय त्यातलं. मला एवढंच कळतं की बटण मधे गेलं पाहिजे.

वहिनी


२० मार्च

वन्सं,

झालं.

कॉम्प्युटरवाला सांगितल्या वेळी आला, सिस्टम टाकून गेला. मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हालाही आधी कळवलं नाही, तुम्ही फोन केला असतात.

काल सकाळी दुकान उघडलं. स्टोअरवाला एका वॉर्डाची पाटी तातडीने हवी म्हणून समोर येऊन बसला होता. मीच त्याला मुद्दाम बोलावला होता, खोटं कशाला बोलू. तुमचे दादा खुर्चीवर बसले, बाह्या दुमडल्या, माऊस धरला आणि ढकलला. खाली, डावीकडे. बाण कोपऱ्यात जाऊन टेकला. त्यांनी दाबलं.

नव्या सिस्टममध्ये त्या कोपऱ्यात हवामान असतं. आज किती गरम, उद्या पाऊस आहे का, आणि खाली कसल्या कसल्या बातम्या. ते सगळं पडद्यावर भस्सकन उघडलं. ह्यांनी खाली बाण, खाली बाण, एंटर केलं. एक नटी आली. मोठी, दात काढून हसणारी. हे तिच्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "प्रोग्राम उघडतोय. आज जरा सावकाश आहे."

स्टोअरवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी बोट ओठांवर ठेवलं.

मग मी म्हटलं, "अहो, काय दिसतंय पडद्यावर?"

"काय दिसायचंय? नेहमीचंच."

"वाचून दाखवा ना. मला मेलीला वाचता येत नाही."

वन्सं, त्यांनी वाचलं. पाठ होतं सगळं. नवीन पाटी. जुन्या पाट्या. अक्षराचा आकार. कोरायची खोली किती. त्या नटीच्या दातांवर डोळे लावून एकेक ओळ वाचत गेले, मधे एकदा चष्मासुद्धा नीट केला. मी "हं", "पुढे", "मग?" म्हणत राहिले. मास्तरीणबाई म्हणतात तसं. संपेपर्यंत थांबवलं नाही. स्टोअरवाल्याला सहन झालं नाही. तो म्हणाला, "दादा, हे हवामान आहे हो."

ते सवयीनं म्हणाले, "हिनं हात लावला असणार."

"लावला," मी म्हटलं. "ही चूक माझीच आहे. आता वाचा."

ते माऊस ढकलत राहिले. खाली डावीकडे, खाली डावीकडे, कोपरा अजून पुढे कुठेतरी असेल असं समजून. ढकलता ढकलता माऊस टेबलावरून खाली पडला. ते वाकून चाचपडायला लागले, खुर्चीखाली, मशीनखाली, पत्र्यांच्या ढिगात. स्टोअरवाला उठायला लागला, मी त्याला डोळ्यांनी खाली बसवला. माऊस माझ्या पायाशी पडला होता. मी पाय हलवला नाही.

बऱ्याच वेळानं ते खालीच बसले, जमिनीवर. म्हणाले, "तू दे."

तेवढंच हवं होतं मला. दिला.

संध्याकाळी त्यांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. या वेळी मुकाट आले. डोळ्यात दाब वाढण्याचं दुखणं आहे. गेलेलं परत येत नाही. उरलाय तेवढा उजेड रोज थेंब घातले तर टिकेल, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "आधी आणायला हवं होतं. चार अक्षरं दिसत होती तेव्हा." मी विचारलं, "आधी म्हणजे केव्हा?" त्यांनी हिशेब करून सांगितलं. वन्सं, तो हिशेब तुमच्या त्या फेरीशी जाऊन थांबतो. तुम्ही कोपरा दिला नसता तर हे तेव्हाच अडले असते. अडले असते तर डॉक्टरकडे गेले असते.

त्यांच्यासमोर हे मी बोलले नाही. तुम्हाला लिहिलंय. ठेवा.

वहिनी


२९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही मला लिहिलेलं पहिलं पत्र. कागद काय गुळगुळीत वापरता हो!

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, एवढं कठोर होऊ नकोस. ते बटण परत डावीकडे आणता येतं. सेटिंगमध्ये जाऊन एक टिचकी मारायची, संपलं. कॉम्प्युटरवाल्याला सांग, मी पाया पडते तुझ्या."

पाया पडू नका, कंबर धरेल. मला माहीत आहे ते. सिस्टम टाकली त्याच दुपारी कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं होतं, "मावशी, बटण डावीकडे हवंय का? जुनी माणसं मागून घेतात." मी म्हटलं, "राहू दे मधेच. छान दिसतंय."

आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. कैदाशीण म्हणा. पण अडाणी म्हणू नका.

दुकानाचं विचाराल तर ठीक आहे. हॉस्पिटलच्या ऑर्डरी नव्या प्रोग्राममधून आत्तापासूनच येऊ लागल्यात. मी बोट ठेवून वाचते, पुन्हा वाचते, मग कोरते. वेळ लागतो. पण एकही पाटी परत आलेली नाही. स्टोअरवाला परवा म्हणाला, "वहिनी, हल्ली चुका बंद झाल्या तुमच्या." मी म्हटलं, "हो, शिकले मी." आणि तुमच्या दादांकडे बघितलं. ते दाराशी स्टुलावर बसून कोरलेल्या पाटीतली भुकटी ब्रशनं झाडत होते. ब्रश क्षणभर थांबला, परत चालू झाला.

झाडून झालं की ते अंगठा फिरवतात अक्षरांवरून. कोरलेलं त्यांना अंगठ्याला वाचता येतं. माझी चूक शोधतात. अजून सापडली नाही. रोज शोधतात.

तुम्ही म्हणाल, वहिनी औषधासाठी हे करतेय, कोपरा परत मिळाला तर ते थेंब घालायचे सोडतील म्हणून. असं समजून तुम्हाला बरं वाटत असेल तर समजा. खरं कारण ते नाही. ती खुर्ची मऊ आहे आणि मला तिच्यात बसायचं आहे.

तरी एक करते. माणूस आहे मीही. काल मी स्वतःच सेटिंग शोधलं, बोट ठेवून वाचत वाचत, आणि बटण परत डाव्या कोपऱ्यात आणून ठेवलं. हवामान तिथून घालवलं. माऊस ढकलला की पूर्वीसारखा अडतो, मी करून बघितलं. तुमच्या दादांना मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. माऊसला ते आता हात लावत नाहीत, म्हणजे आपण होऊन त्यांना कळणार नाही.

तुम्ही सांगा. रविवारी फोन कराल तेव्हा मी स्पीकरवर ठेवून समोर बसते. एवढंच म्हणायचं, "दादा, कोपरा परत आलाय." ते विचारतील, "तू मला कोपराच का शिकवलास?" तेव्हा सांगायचं की मला पहिल्यापासून माहीत आहे, तुला दिसत नाही, आणि आईची पाटी वहिनीनं बिघडवली नव्हती. मग मी खुर्चीवरून उठते. वचन. लगेच उठते, उशी झटकून देते.

तुमच्या भावाची खुर्ची तुमच्या जिभेवर आहे.

वहिनी


६ एप्रिल

वन्सं,

काल फोन आला. मी ठरल्याप्रमाणे समोर बसले होते. त्यांना स्टुलावरून आणून फोनजवळ बसवलं, तोंड पुसलं, केस बसवले. मी खुर्चीतून अर्धी उठलेली होते, तुमच्या दोन्ही लेकरांची शपथ.

तुम्ही तब्येत विचारलीत. थेंब वेळेवर घालतोस ना, विचारलंत. तुमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, सांगितलंत. धाकट्याच्या परीक्षेचं सांगितलंत, गुडघ्याचं सांगितलंत. मग तुमचा आवाज बसला. मला वाटलं, आता. ते पण पुढे झुकले. त्यांना कळलं होतं, वन्सं. त्यांचे कान मांजराचे आहेत, मी म्हटलं नव्हतं का? म्हणाले, "बोल ना गं. काय सांगतेयस?"

तुम्ही म्हणालात, "तिकडे हवा कशी आहे रे?"

ते मागे टेकले. मग म्हणाले, "बघितली नाही."

तुम्ही फोन ठेवलात. मी पूर्ण बसले.

सकाळी टुंग वाजायचं आणि आम्ही 'नंतर' दाबायचो, ती खिडकी आता येत नाही. नवी सिस्टम टाकली की ती बंद होते. तुमच्याकडे चालू आहे, दाबत राहा.

बटण कोपऱ्यातच ठेवलंय. माझा हातही तिकडेच जातो, बघून बघून सवय झालेली. माऊस ढकलला की अडतो, बरं वाटतं. आज हॉस्पिटलच्या चार खोल्यांच्या पाट्या केल्या. ते दाराशी बसून झाडतायत. फोन आला की यापुढे त्यांना देईन, मी बसायची नाही समोर. तुम्ही मोकळ्या.

आत्ता विचारतायत, "काय लिहितेस गं एवढं?"

"किराणा," म्हटलं.

अंगठा पाटीवरून फिरवता फिरवता थांबले. म्हणाले, "साखर लिहिलीस का? गेल्या वेळी तूच विसरली होतीस."

"लिहिली," म्हटलं.

तुमची वहिनी